धाकटीच्या गाडीतला ढोल

त्या रविवारी मी माहेरी पोचले तेव्हा तात्या घरात नव्हते. आमचं माहेर माळेगाव बुद्रुकच्या पुढं, कॅनॉलच्या कडेच्या वस्तीवर. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी चपला काढेपर्यंत तिनं हनुवटीनं अंगणाच्या टोकाकडं दाखवलं.

"गाडीत बसल्यात," ती म्हणाली.

कडुलिंबाखाली माझ्या धाकट्या बहिणीची गाडी उभी होती. तिला पणदऱ्याला दिलेली. माहेरापासून तिचं घर इतकं जवळ की गाईच्या धारा काढून ती निघाली तर तात्यांच्या चहाला पोचते. मी इंदापूरला. एसटीनं बारामती, तिथं गाडी बदलायची, मग वस्तीचा फाटा, मग चालत. मघाशी आत येताना मी त्याच गाडीला वळसा घालून आले होते, पण काचा वर होत्या म्हणून आत कुणी असेल असं वाटलं नव्हतं.

मी परत जवळ गेले. आतून दबका धम्म धम्म आवाज येत होता आणि मागची काच त्या आवाजाबरोबर थरथरत होती. तात्या पुढच्या शीटवर बसले होते. पटका काढून मांडीवर ठेवलेला, डोळे मिटलेले, डावा तळवा दाराला लावलेला. धाकटी स्टिअरिंगवर. तिनं मला पाहिलं आणि काच खाली केली तसा ढोलाचा आवाज एकदम अंगावर आला.

"आक्का, बघ की. तात्यास्नी ऐकू येतंय," ती म्हणाली.

तात्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, "आलीस व्हय" म्हणाले आणि परत मिटले.

मी उन्हात उभी राहिले. बापाला ऐकू येतंय म्हटल्यावर लेकीला आनंद व्हायला हवा. झालाही असेल. पण त्याच्या आधी जे मनात आलं ते दुसरंच होतं. मला वाटलं, हे हिला कसं काय जमलं?

तात्यांचं ऐकणं गेली काही वर्षं कमी कमी होत चाललं होतं. वयामुळं, डॉक्टर म्हणाले. बारीक, टोकदार आवाज आधी जातात, जाड आवाज थोडेफार राहतात. हे मला माहीत होतं, कारण त्यांना बारामतीला डॉक्टरांकडं नेलं होतं मी. कंपनीतून रजा काढून नेलं, तपासणीला बसवलं, कानातलं मशीन घेऊन दिलं, ते कसं घालायचं ते आईला शिकवलं. तात्यांनी ते दोनचार वेळा घातलं. "भांडी आपटल्यागत वाजतंय सगळं," म्हणाले आणि डबीत घालून कपाटात ठेवलं. त्यानंतर मी माहेरी आले की त्यांच्या शेजारी बसून ओरडायची, ते मान हलवायचे, आणि मग आई तेच त्यांना खुणेनं सांगायची. आमच्या दोघांच्यात बोलणं असं उरलंच नव्हतं. आणि धाकटीनं यातलं काहीही केलेलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं हौसेनं गाडीत अॅम्प्लिफायर आणि वूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, बसवून घेतला, मोबाईलवर कुठल्यातरी जत्रेतला गजी ढोल लावला, आणि तात्या तिचे झाले.

गजी ढोल म्हणजे तात्यांचं सगळं तरुणपण. आमचे आजोबा मेंढरांमागं हिंडले. तात्यांच्या वेळेपर्यंत मेंढरं गेली आणि ऊस आला, पण ढोल राहिला. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक आवाजाचा ढोल गळ्यात अडकवून ते जत्रेत रिंगणाच्या मधोमध उभे राहायचे आणि भोवतीनं हातात रुमाल घेतलेली माणसं नाचायची. आम्ही दोघी बहिणी गर्दीतून पुढं घुसून बघायचो. तेव्हाही ते वाजवताना धाकटीकडं बघून हसायचे, कारण ती नाचायची. मी त्यांचा पटका सांभाळत उभी असायचे.

जेवताना धाकटी म्हणाली, "आता रोज येते संध्याकाळी. धारा झाल्या की अर्धा तास बसवते गाडीत. येड लागलंय त्यास्नी."

"रोज?" मी विचारलं.

"जवळच हाय की."

मी भाकरीचा तुकडा मोडला. जवळ असणं हा काही गुण आहे का, असं मला विचारायचं होतं.

इंदापूरला परत आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की आपल्या गाडीत वूफर बसवायचा. आमची गाडी जुनी, छोटी, चांगल्या अवस्थेतली. नवऱ्याचं झेरॉक्सचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे; गाडी तो मालासाठी वापरतो.

"आपल्याला कशाला?" तो म्हणाला. "गाणी वाजत्यात की."

"तात्यांसाठी."

"बरं. बारामतीत दुकानं हायेत. टाकू गाडी."

"नको. मी बसवणार."

मी लोणी देवकरच्या एका कंपनीत कामाला आहे. गाड्यांच्या वायरिंगचे संच आम्ही बनवतो. मोठ्या फळ्यांवर वायरी अंथरायच्या, टेप गुंडाळायची, टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवायची, शेवटी प्रत्येक जोड तपासायचा. मी तपासणीला असते. दिवसभर माझ्या हातांखालून अख्ख्या गाड्या जातात, फक्त त्यांना चाकं आणि पत्रे नसतात. धाकटीच्या गाडीत दुकानवाल्यानं बसवलं. मी माझ्या हातानं बसवणार आणि तिच्यापेक्षा चांगलं बसवणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सामान ऑनलाइन मागवलं. अॅम्प, वूफरची पेटी, दारात बसवायचे स्पीकर, जाड लाल केबल, फ्यूज. ते आलं त्या दिवशी मी खोकं उघडून केबल हातात घेतली आणि तिची तांब्याची टोकं बघितली. मन लावून बघितली. धाकटीला तांबं आणि पत्रा यातला फरकसुद्धा सांगता येणार नाही, हा विचार आला आणि बरं वाटलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानाच्या मागच्या शेडमध्ये कामाला लागले. नवरा पाना घेऊन उभा होता. आधी बॅटरीची मायनसची तार सोडली. मग लाल केबल. ती बॅटरीपासून निघून डिक्कीपर्यंत न्यायची असते आणि मधे इंजिन आणि केबिनमधला पत्रा येतो. त्या पत्र्याला गाडीच्या मूळ वायरी जायला एक भोक असतं, त्यात रबराची चकती. तिच्यातूनच ही केबल घालायची, नुसत्या पत्र्यावर घासू द्यायची नाही. घासून वरचं आवरण फाटलं तर आग लागते. मी चकतीला बारीक चीर दिली, साबणाचं पाणी लावलं आणि नवऱ्याला सांगितलं, "मी आतनं ओढते, तुमी बाहेरनं ढकला." बराच वेळ ती पुढं सरकेना. मग एकदम सुटली आणि मी मागं आपटले. नवरा हसला, मीही हसले. त्या दिवसातला तेवढा एकच क्षण मला धाकटीची आठवण आली नाही.

बॅटरीजवळ फ्यूज बसवला. लाल केबल डाव्या बाजूच्या पायपट्टीखालून नेली, गाण्याच्या तारा उजव्या बाजूनं, म्हणजे एकीचा त्रास दुसरीला नको. अॅम्प मागच्या शीटच्या पाठीला, पेटी डिक्कीत. अॅम्पची काळी तार, म्हणजे अर्थिंग, मागच्या शीटच्या बोल्टला आवळली. दाराची पॅनेलं काढली तेव्हा आत वायरी पत्र्याला टेकलेल्या दिसल्या. कंपनीत आम्हाला शिकवलंय, गाडीत काहीही खडखडता कामा नये. मी फोमची टेप आणून ठेवली होतीच. प्रत्येक वायरीला, प्रत्येक क्लिपला, पॅनेलच्या कडेकडेनं टेप लावली. डिक्कीतल्या पेटीखाली जाड फोम घातला आणि ती पट्ट्यांनी घट्ट बांधली.

"विमान करतीस का गाडीचं?" नवरा म्हणाला.

दुपार कलली तेव्हा मायनसची तार परत जोडली आणि ढोल लावला. वाजला. स्वच्छ, भरदार वाजला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग नवऱ्यानं गाडी चालू केली आणि ढोलाच्या मागं एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. त्यानं रेस दिली की शिट्टी चढायची, पाय काढला की उतरायची.

"ही काय?" त्यानं विचारलं.

"इंजिनचा आवाज शिरतोय. कुठंतरी जोड कच्चा हाय."

"असू दे की. एवढीशी तर हाय." मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो खूश होऊन म्हणाला, "अगं, बारीक आवाज तात्यास्नी ऐकूच येत न्हाय. त्यांच्यासाठीच केलंयस ना? त्यास्नी शिट्टी ऐकू येणार न्हाय."

"धाकटीला येईल," मी म्हणाले.

तो पाना खाली ठेवून चहा सांगायला गेला.

मी सगळं परत उलगडलं. गाण्याच्या तारा तपासल्या, जोड तपासले. शेवटी शीटचा बोल्ट काढला तर त्याच्याखालच्या पत्र्यावर रंग तसाच होता. चकचकीत, अखंड रंग. रंगावर आवळलेली अर्थिंग म्हणजे अर्धवट अर्थिंग. कंपनीत कुणी असं केलेलं माझ्या टेबलावर आलं असतं तर मी लाल शिक्का मारून परत पाठवलं असतं. डिक्कीत पेटीच्या बाजूला उघडा पत्रा होता. तिथं काचपेपरनं घासत बसले, बोटं सोलली तरी, पांढरं लोखंड दिसेपर्यंत. दातेरी वायसर घातला आणि तार तिथं आवळली. गाडी चालू केली, रेस दिली. शिट्टी गेली. नवरा चहा घेऊन आला तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं टेकून ऐकत होते.

पुढच्या सुट्टीला आम्ही गाडी घेऊन निघालो. निमगाव केतकी, लासुर्णे, बारामती. सगळ्या वाटेत मी ढोल लावलाच नाही. तात्यांच्या आधी कुणी ऐकायचा नाही, असं ठरवलं होतं.

वस्तीवर पोचल्यावर तात्यांना हाताला धरून आणलं, पुढच्या शीटवर बसवलं, पट्टासुद्धा लावला. काचा वर केल्या आणि ढोल सुरू केला. तोच, धाकटीनं लावला होता तो. माझ्या गाडीत तो इतका स्वच्छ होता की मागं कुणीतरी खोकलेलंही ऐकू येत होतं. मी तात्यांच्या तोंडाकडं बघत बसले.

त्यांनी डोळे मिटले. दाराला तळवा लावला. थोड्या वेळानं तळवा काढून मांडीवर ठेवला. मग डोळे उघडून समोर लिंबाकडं बघत बसले. मी आवाज वाढवला. त्यांनी मान हलवली, मी ओरडून बोलते तेव्हा हलवतात तशीच. गाणं संपल्यावर पट्टा कसा काढायचा ते त्यांना कळेना. मी काढून दिला.

"बरं हाय," ते म्हणाले आणि उतरले.

तेवढ्यात पणदऱ्याकडनं धाकटीची गाडी आली. तात्या तिच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. तिनं दार उघडलं, ते बसले, आणि अंगणात धम्म धम्म सुरू झालं.

मी गोठ्यामागच्या हौदावर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. धाकटी मागनं आली.

"आक्का, काय झालं?"

"काही न्हाय."

"तुझी गाडी भारी वाजतीय. बाहेरनं ऐकली मी. आमच्यागत खडखड न्हाय."

"मग तुझ्याच गाडीत का जाऊन बसल्यात?"

ती गोंधळली. "मला काय माहीत? सवय झाली आसंल."

"सवय," मी म्हणाले. "कान तपासायला मी नेलं. मशीन मी आणलं. वायरी मी ओढल्या, हात फाडून घेतले. आणि सवय तुझी झाली."

तिनं माझे हात बघितले. तिचा चेहरा पडला. "मी काय मुद्दाम करते का गं?" एवढंच म्हणाली. ती मुद्दाम करत नव्हती, हेच तर सहन होत नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर मला भांडता आलं असतं.

ती घरात गेली. मी अंगणात आले. तिच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि तात्यांच्या पाठीमागं जाऊन बसले. बसल्याबरोबर कळलं. खालची शीट हलत होती. पायाखालचा पत्रा हलत होता. दाराचं पॅनेल एका बाजूला सुटलेलं होतं आणि प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर आपटत होतं. दुकानवाल्यानं पेटी नुसती मागच्या शीटला टेकवून ठेवली होती. आवाज म्हणून ऐकलं तर गचाळ, कुणीही नाक मुरडावं असा. पण ढोल कानात येण्याऐवजी पाठीत येत होता, मांड्यांत येत होता.

मी पुढं वाकून तात्यांच्या तळव्याशेजारी माझा तळवा ठेवला. त्यांनी डोळे उघडले. माझा हात उचलला आणि जरा खाली, जिथं पॅनेल सुटलं होतं तिथं नेऊन दाबला.

"हितं," ते म्हणाले. "ही जाड बाजू." मग बोटानं माझ्या मनगटावर हलके ठोके दिले. "आन ही बारीक. ही मला आता येत न्हाय. पर ही कुठं पडती ते ठावं हाय."

जाड बाजूचा ठोका माझ्या तळव्याला यायचा आणि बारीक बाजूचा ते माझ्या मनगटावर द्यायचे. गाण्यात बरोबर त्याच जागी ती वाजायची. एकदाही चुकले नाहीत. मला ओरडावं लागलं नाही, त्यांना मान हलवावी लागली नाही. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं बोलत होतो आणि ते धाकटीच्या गाडीत बसून, हे त्याही वेळी माझ्या मनातून जात नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला घेऊन मी आमच्या गाडीची दारं उघडली. आठवडाभरापूर्वी बोटानं दाबून दाबून लावलेली फोमची टेप पॅनेलखालून ओढून काढली. पेटी डिक्कीतून काढून पुढच्या शीटच्या मागं, तिला पाठ लावून, उभी केली. खालचा फोम काढून टाकला. तारा पुरल्या, जेमतेम. आमच्या कंपनीतल्या कुणी बघितलं असतं तर मला कामावरून काढलं असतं.

तात्या बसले. पहिल्या ठोक्यालाच त्यांची पाठ ताठ झाली.

"आता आला," ते म्हणाले.

आई ओट्यावरून उठून आली आणि काचेतून आत वाकून बघायला लागली. धाकटीही आली. मी काच खाली केली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "आता आमच्यासारखीच वाजतीय."

ती चांगल्या मनानं म्हणाली हे मला माहीत होतं. तरी ते मला लागलं.

निघताना तिनं मला बाजूला घेतलं. "आक्का, आमच्या गाडीचं वायरिंग एकदा बघतीस का? परवा बोनेटमधनं कायतरी करपल्यागत वास आला." मी बोनेट उघडलं. लाल केबल पत्र्याच्या उघड्या भोकातून आत गेलेली, रबर नाही, आवरण घासून पांढरं पडलेलं. बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. नुसती टेप गुंडाळून जोड दिलेला. आणि रोज संध्याकाळी ती तात्यांना त्यात बसवत होती.

त्या क्षणी मला ते बोलून दाखवता आलं असतं, आईसमोर, सगळ्यांसमोर. तोंडापर्यंत आलं होतं. तात्या ओट्यावर बसून आमच्याकडं बघत होते. मी केबल सोडवून ठेवली आणि म्हणाले, "मी सामान घेऊन येईपर्यंत लावू नगंस."

"मग तात्या?"

"तेवढे दिवस ऱ्हातील."

खरं सांगायचं तर ते दिवस मला बरे गेले. तात्या तिच्या गाडीत बसत नव्हते. कंपनीत बसून मी तो विचार मनात घोळवायची. पण रजा मिळाल्याबरोबर गेले. जाड रबर घातलं, फ्यूज बसवला, जोड नवे केले, केबल नीट बांधून घेतली. दाराचं सुटलेलं पॅनेल तेवढं तसंच ठेवलं. धाकटी शेजारी उभी राहून मला एकेक गोष्ट हातात देत होती. मधेच म्हणाली, "तुला लहानपणापास्नं सगळं जमतं. तात्या मला नेहमी सांगायचे, आक्काचं बघून शीक." मला हे तात्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ते तिला का सांगितलं, मला का नाही, याचाही मला राग आला.

आता असं आहे की सुट्टी मिळेल तेव्हा मी जाते, तात्या माझ्या गाडीत बसतात, आणि माझ्या मनगटावर बारीक बाजूचे ठोके देतात. बाकीचे दिवस ते तिच्याकडं असतात. परवा आईचा फोन आला. गावात लाइट नव्हती, तात्यांना उकडत होतं, म्हणून धाकटी त्यांना गाडीत घालून पणदऱ्याला घेऊन गेली होती, ढोल वाजवत.

"बरं झालं," मी म्हणाले. मग विचारलं, "ढोल वाजताना हात धरतात का गं तिचा?"

"ती गाडी चालवती. हात कसा धरत्याल?" आई म्हणाली.

मी फोन ठेवला आणि कामाला लागले.